बीएस्सी रेस्पिरेटरी झाली. आता लगेच एमएस्सी की आधी नोकरी?

निपाणीजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलंय, ते थोडक्यात असं : मुलीचं रेस्पिरेटरी थेरपीचं, म्हणजे श्वासाच्या उपचारांचं, बीएस्सी झालं, इंटर्नशिपचे शेवटचे महिने चाललेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजातले सर म्हणतात, लगेच एमएस्सीचा फॉर्म भर. मेहुणे म्हणतात, दोन वर्षं इथं काढ आणि दुबई गाठ. एमएस्सीनं पगार वाढतो का, त्यासाठी कर्ज काढावं का, आणि रात्रपाळीचं काय करायचं? शिवाय त्यांनी एक वाक्य मोकळेपणानं लिहिलंय : "घरात कुणालाच नीट ठाऊक नाही की ही दवाखान्यात नेमकं करते काय."

मी या कामात बरीच वर्षं आहे. बेळगाव आणि आसपासच्या आयसीयूंत राबलोय, मध्ये एमएस्सी केली, आता इंटर्न मुलांना हाताखाली घेतो. म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. लगेच एमएस्सी नको. दीड-दोन वर्षं तिला अशा आयसीयूत काढू द्या, जिथं रेस्पिरेटरी थेरपिस्टचं म्हणणं डॉक्टर ऐकून घेतात. मग एमएस्सी, आणि तीही कॉलेजचं नाव बघून नव्हे, विभाग बघून.

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यातच खरी अडचण आहे असं मला वाटतं. ती काय करते हे घरच्यांना ठाऊक नाही ते सोडा, आपल्या भागातल्या कितीतरी दवाखान्यांनाही ते ठाऊक नाही. एका ठिकाणी आमची पोरं व्हेंटिलेटरची सेटिंग ठरवतात, एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, बघून बदल सुचवतात, श्वासनळीतली ट्यूब कधी काढायची यावर राउंडला त्यांना विचारलं जातं. दुसऱ्या ठिकाणी त्याच पदवीच्या पोराकडून सिलिंडर हलवून घेतात, ट्यूबिंग धुवून घेतात, वेळ उरला तर ईसीजी काढायला पाठवतात. दोघांच्या गळ्यात ओळखपत्र सारखंच. हा फरक एमएस्सीनं मिटत नाही. एमएस्सी झालेली मुलगी दुसऱ्या प्रकारच्या दवाखान्यात गेली तर तीही सिलिंडरच हलवते, फक्त डोक्यावर कर्ज घेऊन.

ती काय करते हे तुम्हाला कळावं म्हणून दोन प्रसंग सांगतो. एमएस्सीनं काय मिळतं आणि काय मिळत नाही, तेही त्यातूनच कळेल.

न्यूमोनिया होऊन फुफ्फुसं सुजलेली एक बाई व्हेंटिलेटरवर आहे असं धरा. उंची पाच फूट, वजन पंचाहत्तर किलो. प्रत्येक श्वासाला मशीननं किती हवा द्यायची? नियम किलोला सहा मिलीचा. नवखा माणूस पंचाहत्तर गुणिले सहा करतो आणि साडेचारशे मिली लावतो. पण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही, ते उंचीप्रमाणे असतं. म्हणून आम्ही उंचीवरून अंदाजित वजन काढतो. बाईमाणसासाठी साडेपंचेचाळीस, आणि उंची १५२.४ सेंटिमीटरच्या वर असेल तर दर सेंटिमीटरला ०.९१ अधिक. या बाईची उंची नेमकी पाच फूट, म्हणजे १५२.४, म्हणून अंदाजित वजन ४५.५ किलो. सहानं गुणलं की २७३ मिली. साडेचारशे लावले तर किलोला जवळजवळ दहा मिली पडतात आणि सुजलेलं फुफ्फुस आणखी ताणलं जातं. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरच्या अभ्यासात हेच तपासलं होतं. किलोला बारा मिली दिलेल्या गटात ३९.८ टक्के दगावले, सहा मिलीच्या गटात ३१ टक्के. इतका मोठा फरक आणणारं औषधही या आजारात सहसा सापडत नाही.

आता गंमत अशी की हे गणित बीएस्सीच्या पोरांना तोंडपाठ असतं. परीक्षेत विचारतात. पण रात्री दोन वाजता पेशंट येतो तेव्हा केसपेपरवर उंची लिहिलेली नसते. झोपलेल्या माणसाची उंची कशी घेणार? आमच्यातली जाणती मुलं खिशात शिंप्याची टेप ठेवतात आणि टाळूपासून टाचेपर्यंत मोजून घेतात. नातेवाईक बाहेरून काचेतून बघत असतात, त्यांना वाटतं हे काय चाललंय! ही टेप खिशात ठेवायची सवय एमएस्सीच्या वर्गात लागत नाही. ती लागते वरच्या माणसानं "उंची किती?" असं दहादा टोकल्यावर. मी विभाग बघा म्हणतो ते यासाठी. टोकणारा माणूस तिथं आहे का, एवढंच बघायचं असतं.

दुसरा प्रसंग आपल्या भागाचाच. ऊस, तंबाखू, भाजीपाला, म्हणजे घरोघरी फवारणीची औषधं. ती पिऊन आलेले पेशंट आपल्याकडच्या आयसीयूंना नवे नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे यांतलाच एक विषारी प्रकार, पोटात गेलेला तरुण मुलगा येतो, घशात नळी घालून मशीनवर ठेवतात, अॅट्रोपिन हा उतारा चालू होतो, एक-दोन दिवसांत घाम आणि लाळ कमी होते, तो डोळे उघडतो. घरचे विचारतात, "आता नळी काढणार नव्हं?" मशीनवरचे आकडेही छान दिसतात. आमच्याकडे एक साधा भागाकार आहे : मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासात किती लिटर हवा. उत्तर १०५ च्या खाली असेल तर माणूस मशीनशिवाय तग धरण्याची शक्यता बरी, असं १९९१ पासून मानतात. या पोराचे श्वास चोवीस आणि हवा चारशे मिली, म्हणजे उत्तर साठ. पुस्तक म्हणेल, काढा नळी.

पण जाणता थेरपिस्ट त्याला आधी सांगतो, "बाळा, उशीवरून मान उचल." मान उचलत नाही. विषबाधेनंतर साधारण चोवीस ते शहाण्णव तासांत मानेचे, दंडाचे, मांडीचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडण्याचा एक टप्पा येऊ शकतो. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्या टप्प्याच्या तोंडावर नळी काढली तर काही तासांत पोरगं निळं पडतं आणि धावाधाव होते. म्हणून त्या दिवशी नळी राहते. डॉक्टरांचा निर्णय डॉक्टरांचाच, पण "सर, मान उचलत नाहीय" हे वाक्य राउंडला बोलायचं काम तुमच्या मुलीचं. ते बोलायला धीर लागतो आणि ऐकणारा डॉक्टर लागतो. दोन्ही असतील अशा जागी दोन वर्षं गेली की तिला एमएस्सीत काय विचारायचं ते आपोआप कळेल.

आता माझ्या मताला अपवाद. तिला शिकवायचीच आवड असेल, वर्गात उभं राहायचं असेल, तर थांबण्यात फार अर्थ नाही. कॉलेजात शिकवायला एमएस्सी लागणारच. चांगल्या विभागात फी माफी किंवा बऱ्यापैकी स्टायपेंडसह जागा मिळत असेल तर तीही सोडू नये. एकदा नोकरीला लागली की पुन्हा पुस्तक उघडणार नाही, असा स्वभाव असेल तर तेही तुम्हालाच ठाऊक. आणि घरची परिस्थिती अशी असेल की पगार आत्ताच हवा, तर प्रश्नच मिटला, आधी नोकरी. यातलं काही लागू नसेल तर वर म्हटलं तेच.

पगाराचं स्पष्ट सांगतो. खासगी दवाखान्यात बेडजवळच्या कामाचा पगार अनुभवावर ठरतो, पदवीवर फारच कमी. एमएस्सी करून आलेली नवी मुलगी आणि तितकीच वर्षं आयसीयूत काढलेली बीएस्सीची मुलगी, यांच्यात सुरुवातीला फरक थोडाच असतो, कधी उलटाही असतो. एमएस्सीचा पैसा पुढं वसूल होतो : शिकवण्यात, विभाग सांभाळण्यात, संशोधनात, किंवा व्हेंटिलेटरच्या कंपन्यांत. कंपन्यांना दवाखान्यांत जाऊन मशीन समजावून देणारी माणसं लागतात. ते काम फिरतीचं असतं, पण पगार बरा आणि रात्रपाळी नाही. तेव्हा कर्ज काढायचं असेल तर "यातलं मला काय करायचंय" याचं उत्तर तिच्याकडे हवं. "सगळ्या मैत्रिणी करताहेत म्हणून" हे उत्तर बँकेला चालतं, आपल्याला चालू नये.

कुठं करायची हे आता. मणिपालला रेस्पिरेटरी थेरपीचा जुना विभाग आहे, बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही. कोचीच्या अमृतामध्येही एमएस्सी आहे. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या छत्राखाली कितीतरी कॉलेजं आहेत, बेळगावात केएलईचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. यंदा कुठल्या कॉलेजात कुठला कोर्स, किती जागा, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. एजंट सांगेल त्यावर जाऊ नका. महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना काही वैद्यकीय प्रवेशांत वेगळ्या जागा असतात. तुमचं गाव त्यात असेल तर दाखला काढून ठेवायला हरकत नाही, मात्र या कोर्सला ती सवलत लागू आहे का, हे प्रवेशाच्या नियमांत वाचल्याशिवाय त्या भरवशावर बसू नका.

विभाग बघायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि ऑफिसात बसून परत येऊ नका. तिथं एमएस्सी करत असलेल्या मुलांना गाठा, चहा पाजा आणि विचारा : गाइड रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे की नुसतं नावाला कुणी डॉक्टर? नवजात बाळांच्या आयसीयूत किती महिने पाठवतात? फुफ्फुसाच्या तपासण्यांची लॅब रोज चालते की कुलूप असतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एमएस्सीच्या मुलांना शिकवतात की फुकटचा रात्रीचा स्टाफ म्हणून वापरतात? मी असा एक विभाग जवळून पाहिलाय, नाव घेत नाही. तिथं दोन वर्षांत मुलांनी ड्युट्याच केल्या, प्रबंध शेवटच्या महिन्यात कसाबसा जुळवला. मागच्या पाच-सात वर्षांच्या प्रबंधांची नावं लायब्ररीत मिळतात, ती वाचा. सगळे प्रबंध "अमुक विषयाची जाणीव : एक सर्वेक्षण" या साच्यातले असतील तर काय ते समजून घ्या.

प्रबंधावरून आठवलं. आपल्या भागात विषयांचा तोटा नाही. चुलीवर आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बायकांना विडी न ओढताही सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा कायमचा दम्यासारखा आजार, होतो. निपाणीकडं तंबाखूच्या आणि विडीच्या धुळीत वर्षं काढलेली माणसं आहेत. गुऱ्हाळावर काहिलीच्या धुरात उभी राहणारी आहेत, उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणारी आहेत. ओपीडीत एक म्हातारा दर महिन्याला यायचा, दम काही कमी होत नव्हता. औषध कसं घेता ते करून दाखवा म्हटलं, तर त्यानं रोटाकॅपची, म्हणजे यंत्रात घालून ओढायच्या औषधाची, कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला. ओढायचं यंत्र घरी कपाटात, डब्यात नीट जपून ठेवलेलं! ते महाग दिलंय म्हणून खराब होऊ नये, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. असे पेशंट कितीजण आहेत, आणि एकदा नीट दाखवल्यावर तीन महिन्यांनी किती जणांना जमतं, एवढा एक विषय धरला तरी कामाचा प्रबंध होतो. दोन वर्षं ओपीडी आणि आयसीयू पाहिलेल्या मुलीला असे प्रश्न सुचतात, थेट वर्गातून वर्गात गेलेलीला गाइड देईल तो घ्यावा लागतो.

मराठी माध्यमाची काळजी करू नका. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो, पण ते इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं, महिनाभर चांगले शोधनिबंध वाचले की जमतं. मला कन्नडची काळजी जास्त वाटते. निपाणीकडच्या मुलींना बाजारापुरतं कन्नड येतं, आणि बेळगावच्या वॉर्डात बैलहोंगल-सौंदत्तीचा पेशंट आला की त्या गप्प होतात. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजायच्या तपासणीत, फुंकर नीट मारून घेणं हे सगळं बोलण्यावर असतं. तीन चांगल्या फुंकरा हव्यात, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोनांत दीडशे मिलीपेक्षा जास्त फरक नको. "ऊदरी, ऊदरी, इन्नू ऊदरी" असं जोरात ओरडून घेतल्याशिवाय ते होत नाही. आयसीयूबाहेर रडणाऱ्या आईला मशीन का लावलंय हे सांगायचं असतं ते तर त्याहून अवघड. तेव्हा इंटर्नशिपच्या या महिन्यांत कन्नड पेशंट आला की पुढं हो, असं तिला सांगा.

आता मेहुण्यांचं दुबई. सल्ला अगदीच वाईट नाही. आखातात या लोकांना मागणी आहे. पण बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, इंटर्नशिप सहसा त्यात धरत नाहीत, मग डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकसारखी परवान्याची परीक्षा. म्हणजे तिथं जायचं असलं तरी आधी दोन वर्षं चांगल्या आयसीयूत हेच येतं. अनुभवाचं पत्र कुठल्या दवाखान्याचं आहे, त्यात किती खाटांचा आयसीयू लिहिलाय, हे बघतात. म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये जास्त पगारावर बसण्यापेक्षा मोठ्या आयसीयूत कमी पगारावर बसणं पुढं उपयोगी पडतं.

अमेरिकेचं कुणी सुचवलं तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात लाखो रुपये जातात. तिथं आरआरटी, म्हणजे नोंदणीकृत रेस्पिरेटरी थेरपिस्ट, व्हायला एनबीआरसी या संस्थेची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेला बसायला सीओएआरसी या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेनं मान्य केलेला कोर्स पूर्ण केलेला हवा. आपली बीएस्सी त्यात चालत नाही. तिथल्या मास्टर्सच्या कोर्सेसमध्ये दोन प्रकार असतात. एक व्यवसायात प्रवेश देणारा, तो केला की परीक्षेला बसता येतं. दुसरा आधीच आरआरटी असलेल्यांना वरची पदवी देणारा, आणि तो बऱ्याचदा ऑनलाइन असतो. आपली मुलं दुसरा करून बसतात आणि मग कळतं की परीक्षेचं दार बंदच आहे.

ऑनलाइनचा विषय निघालाच आहे तर, "घरबसल्या एमएस्सी" अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. आपल्याकडे २०२१ साली आरोग्यसंलग्न व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला, त्यात रेस्पिरेटरीचं काम आलंय आणि नोंदणीची व्यवस्था राज्य परिषदांमार्फत आहे. या कायद्याखालचे कोर्स दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी घातलीय. तेव्हा तिकडं बघूही नका. आणि बीएस्सीची प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, इंटर्नशिपचं पूर्ततापत्र यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच तपासा. नोंदणीत आणि पडताळणीत पोरं हमखास इथंच अडकतात.

पुढचे चार ओळींचे मुद्दे तिलाच वाचायला द्या. लॉगबुकमध्ये केलेल्या कामाची सही रोजच्या रोज घे, शेवटच्या आठवड्यात सरांच्या मागे पळू नकोस. नवजात बाळांच्या आयसीयूत जास्तीचा महिना मागून घे, सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र, लावलेलं बाळ हाताळता येणारी मुलगी कुठंही लागते. नोकरीच्या मुलाखतीला गेलीस की पगाराआधी विचार : इथं नळी काढायचं ठरवताना थेरपिस्टला विचारतात का, व्हेंटिलेटरचा राउंड असतो का, एका पाळीत एका थेरपिस्टकडं किती मशीन असतात. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर दुसरा दवाखाना बघ.

राहिली रात्रपाळी. ती टळणार नाही, निदान पहिली काही वर्षं तरी नाही, आणि खरं शिक्षण रात्रीच होतं, कारण तेव्हा वरचे लोक कमी असतात. पण अटी घालता येतात. महिन्याला किती रात्री, सलग किती, मुलींसाठी वेगळी ड्युटी रूम आहे का, पहाटेची पाळी सुटल्यावर होस्टेलपर्यंत गाडी मिळते का, हे नेमणूकपत्र हातात घेण्याआधी एचआरकडून लेखी घ्या. निपाणीहून रोज ये-जा करून आयसीयूची नोकरी होत नाही. बेळगावात खोली घ्यावी लागेल, तो खर्च पगारातून वजा करून मगच दोन दवाखान्यांची तुलना करा.